वाळूत लावलेलं संत्रं

सुलोचनाबाई तायडे चौथी शिकलेल्या. पण संत्र्याचा विषय निघाला की त्या एकदम हायकोर्टाच्या वकील व्हायच्या. बाप वरुडला एका मोठ्या बागेत कामाला होता आणि लग्न होईपर्यंत ही पोर त्याच्या मागं मागं बागेतच वाढली. त्यानंतर रेल्वेतल्या नवऱ्यासोबत जयपुरात आली, झोटवाड्यात घर झालं, पन्नास वर्षं निघून गेली. बटाट्याच्या भाजीत किती मीठ घातलं हे त्या आता विसरतात, पण संत्र्याला पाणी कधी तोडायचं हे विसरल्या नाहीत. विसरल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्या स्वतःच म्हणतात.

झाड नवऱ्यानं, दशरथनं लावलेलं. रिटायर झाल्यावर एकदा वरुडला गेला आणि येताना संत्र्याचं कलम गाडीत मांडीवर घेऊन आला. फाटकाच्या आत एवढीशी जागा, सारी वाळू. दशरथ रोज सकाळी एक बादली पाणी त्या झाडाला घालायचा. सुलोचनाबाई ओट्यावरून ओरडायच्या, "झाड होय का म्हैस होय ते? रोज काऊन पाजता? संत्र्याले इतकं पाणी चालत नाही, मुळ्या सडतात!" दशरथ म्हणायचा, "सडू दे," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली घेऊन हजर. चार संत्री आली एका वर्षी, तीही आंबट. नंतर दशरथ गेला, आणि झाडाचा कारभार वकिलीणबाईंच्या हातात आला.

मुलगा कौशिक विम्याच्या ऑफिसात. त्यानं गाडी घेतली. गाडी गल्लीत उभी राहायची आणि महिन्याकाठी कोणी ना कोणी तिचा आरसा तोडून जायचा. एक दिवस तो टेप घेऊन फाटकात उभा राहिला.

"आई, झाड काढलं तर शेड होते."

"तुह्या बापानं लावलं ते."

"मला माहीत आहे. पण दोन वर्षं झाली, एक फूल नाही. मतलब, नुसतं उभं आहे. होळीपर्यंत बहर आला तर राहू दे. नाहीतर मिस्त्रीला बोलावतो."

"येईन ना बहर! मी आणतो बहर!" सुलोचनाबाई म्हणाल्या. आणि वरून, "तू पाहतच राह्य!"

आता हा बहर आणायचा कसा, ते वरुडकडच्या माणसाला विचारा. झाडाला ताण द्यायचा. थंडीत पाणी तोडायचं, महिना-दीड महिना एक थेंब दाखवायचा नाही. बुडाची माती उकरून मुळ्यांना वारा दाखवायचा. झाड घाबरतं, पानं गाळतं, आणि मग पाणी दिलं की जीव वाचल्याच्या आनंदात फुलांनी भरून जातं. सुलोचनाबाईंचा बाप हे दरवर्षी करायचा आणि दरवर्षी बाग फुलायची. त्यात बापाचा हात किती आणि तिथल्या काळ्या मातीचा किती, हा प्रश्न चौथीच्या पुस्तकात नव्हता.

सहा डिसेंबरची वंदना झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी तोडलं. खुरपं घेऊन बुड उकरलं. इतकी सोपी माती, पाच मिनिटांत मुळ्या उघड्या! वरुडला हेच करायला बापाला सब्बल लागायची. हे सोपं कसं जातंय, याचा विचार करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही, उलट स्वतःच्या मनगटाचं कौतुक केलं.

शेजारच्या तारामतीजी भाजी घेऊन येत होत्या, त्या फाटकाशी थांबल्या. त्यांचं सारं आयुष्य याच वाळूत गेलेलं.

"माँजी, ये क्या कर रही हो? बालू में पानी रुकता कहाँ है? पेड़ मर जायेगा."

"आपके यहाँ संतरा होता है क्या, तारामतीजी?"

"नहीं."

"तो फिर!" असं म्हणून सुलोचनाबाईंनी पदर खोचला. तारामतीजी भाजीची पिशवी सावरत घरात गेल्या, आणि गल्लीतली शहाणी बाई कोण हे तिथंच ठरलं होतं. एकीलाच ते कळलं नव्हतं.

पंधराव्या दिवशी पानं मिटली. सुलोचनाबाई खूष. विसाव्या दिवशी पिवळी पडून गळायला लागली. त्या जास्तच खूष. "ताण बसला!" असं त्यांनी नणंदेला फोन करून अकोल्याला कळवलं. महिन्यानं झाडाच्या काड्या झाल्या. कौशिक ऑफिसातून आला, एक काडी त्याच्या बोटात कट्‌कन मोडली.

"आई, हे मेलं."

"तुले काय समजते? झोपलं ते."

पण रात्री जेवण गेलं नाही. बापाच्या बागेत पानं गळायची, पण काडी वाकवली तर वाकायची. मोडायची नाही.

जानेवारीच्या शेवटी अमेरिकेतून नातीचा व्हिडिओ कॉल आला. कौशिकची ही मुलगी, अक्षदा, तिथं मातीचा अभ्यास करते. मातीचा अभ्यास करायला एवढ्या लांब कशाला जायचं, ती काय फाटकाबाहेर कमी आहे, असं आजीनं तिला जातानाच विचारलं होतं. आज आजीचा आवाज लहान झालेला.

"अक्षू, पाणी तोडलं वं मी. पन्नास दिवस झाले."

"पन्नास? आजी! एक मूठ माती घे. थोडी ओली कर. आता बोटात दाबून पट्टी काढ."

सुलोचनाबाईंनी दाबली. पट्टी कसली, सारी बोटांतून खाली.

"लाडू तरी होतो का?"

"नाही होत, बाई. वरुडच्या मातीचे आमी पोळ्याले बैल करत होतो, शिंगासकट. इथं लाडूही होत नाही."

"मग हे बघ." अक्षदानं फोन फिरवला. तिच्या लॅबच्या भिंतीवर एक लांब लाकडी फळी, आणि तिच्यावर जमिनीचा उभा काप चिकटवलेला, माणसाएवढा. वर हातभर काळसर, मग तांबूस, मग नुसती फिकट वाळू, आणि तळाला गोल गोल गोटे. "ही आमच्या इथली. खूप पूर्वी इथं डोंगराएवढं बर्फ होतं, ते वितळलं, आणि त्याच्या पाण्यानं ही वाळू वाहून आणून पसरवली. वरचं काळं दिसतं ना, ते गवताचं. हजारो वर्षं गवत उगवलं, सडलं. पण खाली वाळूच. मतलब, दाणे मोठे, मध्ये जागा मोठी. पाणी टाकलं की सरळ खाली. खत पण खाली. उन्हाळा लागला की लवकर तापते, नांगरायला सोपी, पण पाऊस आठ दिवस थांबला तर पीक सुकतं. म्हणून इथले शेतकरी थोडं थोडं पाणी देतात, परत परत."

"अन् आपली इथली कोणत्या बर्फानं आणली?"

"तुमची वाऱ्यानं आणली, आजी. पण वागते तशीच."

सुलोचनाबाईंनी चष्मा पुसून ती फळी पुन्हा बघितली. चाळणीत कधी ताक साचतं का? आणि त्या इतकी वर्षं मालकाला सांगत होत्या की साचेल!

"म्हंजे तुहे आजोबा बरोबर होते."

"आजोबा एकदम बरोबर होते."

"हे तुह्या बापाले सांगू नको," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मीच सांगतो."

पण सांगितलं नाही. उकरलेली माती लोटली, शेणखत घातलं, वरून वाळका पाला पसरला आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्यानं पाणी घालायला लागल्या. तारामतीजींनी बघितलं, आणि भल्या बाईनं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर एवढं लागलं नसतं.

होळीच्या चार दिवस आधी बुडातून कोंब फुटले. हिरवेगार, बोटभर. कौशिक वाकून बघत बसला, आणि त्याचा चेहरा लहानपणी परीक्षेत पास झाल्यावर व्हायचा तसा झाला.

"आई, जगलं! फूल नाही, पण चल, जगलं ना. शेडचं राहू दे."

इथं गप्प राहिलं असतं तर सारं निभावलं असतं. सुलोचनाबाईंच्या मनात तसं आलंही. त्यांनी कोंबाजवळ बसून पान चुरगळलं, वास घेतला, काटा बघितला. कलमाचा सांधा वितभर वर होता, आणि सांध्याच्या वर सारं वाळलेलं.

"हे संत्रं नाही होय, कौशिक."

"मग?"

"जंबेरी होय. कलमाचा खालचा खुंट. आंबट ढाण, काटेरी. ह्याच्यावर संत्र्याच्या काडीवरचा डोळा, म्हंजे कोंब, बसवून बांधतात. तुह्या बापाचं संत्रं मी मारलं. तो पाणी देत होता तेच बरोबर होतं, अन् मी झाडाले म्हैस म्हणत होतो."

कौशिक उभा राहिला. शर्टाला हात पुसले. एकदा गाडीकडं बघितलं, एकदा खुंटाकडं.

"डोळा तुला बांधता येतो?"

"बापानं शिकवलं होतं. पंचावन्न वर्षं झाली त्याले. हात कापतात आता."

"किती दिवसांनी फळ?"

"जमलं तर पाच वर्षं. मी अठ्ठ्याहत्तरची होईन."

"गाडीचे हप्ते पण पाच वर्षांचेच आहेत," कौशिक म्हणाला, आणि मिस्त्रीला फोन लावला. वरुडहून डोळ्याच्या काड्या पाठवायला मामेभावाला सांगायचं ठरलं ते नंतर.

शेड झाली, पण खुंटापासून चार फूट सोडून. गाडी तेवढ्यात मावत नाही. तिचं ढुंगण हातभर गल्लीत राहतं आणि फाटक लागत नाही. फाटक लागत नाही म्हणून गल्लीतल्या गाई सरळ आत येतात, आणि त्यांना शेडचं काही नाही, कोवळे कोंब तेवढे बरोबर दिसतात. तेव्हा सुलोचनाबाई सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चारनंतर काठी घेऊन खुर्चीवर बसतात. कोणी विचारलंच तर सांगतात, चौथी पास बाईला त्र्याहत्तराव्या वर्षी नोकरी लागली, पगार नाही, आणि गाय साहेबापेक्षा वेळेवर येते.