दाराचं कडवं

एका कानाला अडकलेला मास्क फडफडतोय, एक चप्पल केव्हाच मागे नळाजवळ राहिलीय, आणि तेरा वर्षांचा मी आमच्या गल्लीतून सुसाट पळत सुटलोय – देऊळ उघडणार, देऊळ उघडणार असं बोंबलत... दिवाळीचे दिवस होते ते. नाशिकची थंडी नुकती कुठे अंगाला चाचपडून बघायला लागली होती, घराघरांतून चिवड्याच्या फोडणीचा खमंग वास येत होता, आणि शेजारच्या कांबळेकाकूंच्या टीव्हीवर मी खिडकीतून ती बातमी ऐकली होती. देवळं उघडायला सरकारनं परवानगी दिली होती. मार्चपासून बंद असलेलं सगळं जग एका वाक्यात उघडल्यासारखं मला वाटलं आणि मी पळालो.

आमच्या ख्रिस्ती वसाहतीत ‘चर्च’ हा शब्द लग्नपत्रिकेत छापायला. बोलताना ते देऊळच. त्यामुळे झाली गंमत अशी, की कोपऱ्यावरच्या मारुतीला रोज दिवा लावणाऱ्या जोशीकाकूंनी मला हात करून थांबवलं आणि कुठलं रे देऊळ, असं विचारलं. मी धापा टाकत म्हटलं, आपलं. त्या लगबगीनं वाती वळायला आत गेल्या. त्यांचंही खरं होतं आणि माझंही. दोन्ही देवळांच्या दारांना एकाच दिवशी कुलूप लागलं होतं.

शरणपूर रोडच्या मागे, जुन्या चिंचेच्या सावलीत आमचं ते काळ्या दगडाचं देऊळ उभं आहे. आत पाऊल टाकलं, की भर वैशाखातही तळव्यांना गार लागायचं. सागवानी बाकांना वर्षानुवर्षांच्या तेलपाण्याचा, मेणबत्त्यांचा आणि पावसाळ्यात ओल्या छत्र्यांचा असा एक मिश्र गंध होता, आणि उंच छताखाली आवाज टाकला, की तो भिंतींवरून फिरून, थोडा मोठा होऊन, थोडा पवित्र होऊन परत यायचा. एरवी माझा आवाज म्हणजे आईला सारखा सारखा साद घालणारा एक चिरका पोरगा. देवळात मात्र तो दुसऱ्याच कुणाचा तरी होऊन माझ्याकडे यायचा, आणि मला तो दुसरा मुलगा फार आवडायचा.

तिथं नाताळच्या पहाटेची एक रीत होती. आतले सगळे दिवे मालवायचे, मंडळी अंधारात गप्प बसायची, दार लोटून घ्यायचं. बाहेर पडवीत एकच मूल उभं असायचं, हातात मेणबत्ती घेऊन. घंटेचे ठोके संपले, की त्यानं बंद दाराशी एकट्यानं नाताळगीताचं पहिलं कडवं म्हणायचं. कडव्याची शेवटची ओळ आली, की दार उघडायचं, आणि ते मूल गात गात मधल्या वाटेनं आत यायचं, आणि त्याच्या मेणबत्तीवरून बाकाबाकावरच्या मेणबत्त्या लागत जायच्या... ह्याला आम्ही ‘दाराचं कडवं’ म्हणायचो. ते कुणी म्हणायचं, हे याकोब मास्तर ठरवायचे. आणि त्या वर्षी ते माझं होतं.

मास्तर निवृत्त शाळामास्तर. अठ्ठ्याहत्तरीचे, काटकुळे, कानावर पेन्सिल, आणि छातीत जुना दमा. देवळातली पेटी ते ऐन विशीपासून वाजवत आलेले. सूर चुकला, की पेटीच्या भात्यावरचा हात न थांबवता, मान वळवून ते नुसतं बघायचे, आणि ते बघणं छडीपेक्षा झोंबायचं. ‘गिळू नकोस, शमू. शब्द गिळायला नसतात,’ हे वाक्य मी त्यांच्याकडून एवढ्या वेळा ऐकलंय, की अजूनही गर्दीत बोलताना माझे ओठ आपोआप मोकळे होतात. दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो. शेवटी त्या जानेवारीत त्यांनी जाहीर केलं – येणाऱ्या नाताळाला शमुवेल. मग मार्च आला आणि सगळंच थांबलं.

माझी घाई नुसती हौसेची नव्हती. आई सरकारी दवाखान्यात नर्स. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात माझ्या घशात काही तरी खरखरलं, म्हणून तिनं बॅटरी लावून पाहिलं आणि हसली. आजार नाही, म्हणाली. वर्षाच्या आत तुला कंठ फुटणार. म्हणजे हा नाताळ गेला, तर पुढच्या नाताळाला तो कोवळा आवाज माझ्याकडे असणारच नव्हता. मी आरशासमोर उभा राहून ओठावरची लव मोजली. मला मोठं व्हायचं नव्हतं. निदान नाताळ होईपर्यंत तरी नाही.

आणि म्हणून ते दिवस नुसते उडत होते. डिसेंबर आला. दिंडोरीकडून येणाऱ्या गाड्यांवर पहिली आंबटगोड द्राक्षं दिसू लागली, घरोघरी करंज्यांचं सारण परतलं जाऊ लागलं, अंगणाअंगणांत बांबूच्या कामट्यांचे तारे बांधले जाऊ लागले, आणि केकचं पीठ डब्यांत भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायच्या रांगेत खडूच्या वर्तुळात उभं राहतानाही मी मनातल्या मनात कडवं घोळवत होतो. अंघोळीच्या पाण्यात, चादरीत, संडासात – कुठंही. धाकटी बहीण कानात बोटं घालून फिरायची.

मग एका रविवारी दुपारी पंचांनी मंडळीची सभा बोलावली. चिंचेखाली, दोन दोन हात अंतरावर खुर्च्या मांडून. नाताळची उपासना देवळात घ्यायची की नाही, एवढाच विषय होता. मला तर त्यात विषय काय, हेच कळत नव्हतं.

पाटोळेकाका आधी उठले. ते आमचे थोरले पंच, ओझरकडच्या खेड्यातून आलेले, बोलणं रांगडं आणि मन लोण्याचं. सप्टेंबरात त्यांचा भाऊ ह्या साथीत गेला होता. पुरताना चार माणसं होती, तीही नखशिखांत झाकलेली. गाणं म्हणायलाही कुणी नव्हतं. काका म्हणाले, ‘आता सरकारनंच मोकळीक दिली. माझा भाऊ गाण्याबिगर गेला. ह्या नाताळाला देवळात बसून मला पोटभर गायचंय, बाकी काय नाय.’ पुष्कळ जणींनी पदर डोळ्यांना लावले. मला वाटलं, झालं, ठरलं.

पहिल्या खुर्चीवर मास्तर बसले होते, दाढी घोटून, कोट घालून. साठीच्या पुढच्यांनी घरीच थांबावं असं कुणीतरी चाचरत सुचवलं, तेव्हा ते म्हणाले, की देवळाला कुलूप असेल तर ते घरी बसतील. देऊळ उघडं असेल, तर पेटीवर दुसरा कुणी बसलेला त्यांना बघायचा नाही. हे बोलताना मध्ये दोनदा त्यांना श्वासासाठी थांबावं लागलं.

तेव्हा आई बोलली. रात्रपाळी करून ती तशीच आली होती. नाकावर मास्कचा लाल वळ उमटला होता. तिचं बोलणं नेहमीच थोडकं. ‘मोकळीक दिलीय ती दार उघडायची,’ ती म्हणाली. ‘उघडलंच पाहिजे असं कुणी सांगितलेलं नाही. गाताना माणूस किती लांबवर श्वास फेकतो, ते मला विचारा.’

गलका झाला. घाबरून राहायचं तर विश्वास कशाला ठेवायचा, असं एक जण म्हणाला. उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब चिंचेच्या मुळाशी उभे होते. तरुण होते ते, आवाज कधी चढवत नसत. म्हणाले, की भीतीनं दार बंद ठेवायचं असेल, तर ते आजच उघडूया. पण प्रभूनं आपल्याला मोकळं केलं ते कशासाठी, एवढं आधी सांगा – आपल्याला हवं ते करायला, की दुसऱ्याच्या उपयोगी पडायला? बांधलेला माणूस कुणासाठी काही सोडू शकत नाही. सोडता येतं ते मोकळ्या माणसालाच. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दार ज्याच्या कडव्यानं उघडतं त्याला विचारूया, म्हणाले.

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. खोटं कशाला बोलू – माझ्या जिभेवर ‘उघडा’ हाच शब्द होता. तो अगदी ओठांपर्यंत आला होता. मला ते दार हवं होतं, तो अंधार, तो फिरून येणारा आवाज... आणि तेवढ्यात माझी नजर मास्तरांच्या डाव्या हाताकडे गेली. त्यांच्या नकळत तो हात गुडघ्यावर भाता मारत होता, हलके हलके, तालात. आणि त्या तालाच्या मध्ये मध्ये त्यांच्या छातीतून बारीक शीळ वाजत होती. देऊळ उघडलं, तर हा माणूस येणार. कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. ते मला अगदी स्वच्छ दिसलं.

‘नका उघडू,’ मी म्हणालो. शब्द गिळला नाही.

मास्तर उठले. आमच्या वसाहतीत कितीही भांडण झालं, तरी निघताना माणूस ‘सलाम’ म्हणतो. भेटताना सलाम, निरोपाला सलाम, तिसऱ्याच्या हाती सांगून पाठवायचा तोही सलामच. मास्तर माझ्यासमोरून गेले आणि मी सलाम म्हटलं, तर त्यांनी तो घेतला नाही. पुढचे अठरा दिवस घेतला नाही. मी त्यांच्या फाटकावरून मुद्दाम चकरा मारायचो, आणि ते वर्तमानपत्र वर करायचे. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडायचो. माझं कडवं गेलं होतं आणि मास्तरही.

उपाय पाळकसाहेबांना सुचला. दाराचं कडवं दाराशीच म्हणायचं असतं ना? मग ह्या वर्षी ते ज्यानं त्यानं आपापल्या दारात म्हणायचं. घंटा झाली, की सगळ्यांनी एकदम. म्हणजे माझं एकट्याचं कडवं आता चाळीस घरांचं होणार होतं. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग, का कोण जाणे, पुन्हा तीच धांदल अंगात शिरली. वहीची पानं फाडून मी चाळीस प्रती लिहिल्या – दहा-दहा ओळींनी बोटं दुखायची – आणि मास्क नीट लावून फाटकाफाटकांच्या फटींत खोचून आलो. कांबळेकाकूंनीही एक मागून घेतली. आमच्याकडे नाताळ नसतो, पण दार आहे, म्हणाल्या.

ती पहाट! धुकं इतकं, की समोरच्या घरातला तारा नुसता एक गुलाबी डाग. दारादारांत मेणबत्त्या, शाली, कानटोप्या, आणि सगळ्या गल्लीचा श्वास रोखलेला. घंटा झाली. मी हनुवटी वर केली, मास्तरांनी शिकवलं होतं तसं पोटात हवा भरली आणि सुरू केलं... आणि चाळीस दारांनी सुरू केलं, पण एकदम नाही. घंटेजवळच्या घरांनी आधी धरलं, टोकाच्या घरांना ती ऐकू आली तेव्हा. मधल्यांना वाटलं आपलं चुकलं, म्हणून त्यांनी पहिल्यापासून धरलं. आमच्या दारात तिसरी ओळ चालली होती तेव्हा पाटोळेकाकांच्या दारात पहिली, आणि कांबळेकाकूंच्या दारात एक वेगळीच चाल. त्यातच दूधवाल्याची मोटरसायकल आली, कुत्री भुंकली, एक कुकर शिट्टी देऊन गेला. कडवं संपलं असं वाटावं, तर पलीकडून पुन्हा सुरू व्हायचं. चार वेळा संपलं ते! आम्ही हसत होतो, गात होतो, आणि पाटोळेकाका आपल्या पायरीवर उभे राहून, डोळे मिटून, सगळ्यांच्या मागून एकटेच, भसाड्या आवाजात पोटभर गात होते. त्यांचं होईपर्यंत गल्ली थांबली.

ह्या गोंधळात माझा आवाज कुठल्या कुठे बुडाला. मलाच तो धड ऐकू आला नाही.

उजाडल्यावर मी करंज्यांची ताटली घेऊन मास्तरांच्या फाटकाशी गेलो आणि ती कठड्यावर ठेवून चार पावलं मागे सरलो. ते पेटी मांडून दारातच बसले होते, अंगावर कोट, डोक्याला कानटोपी.

‘घंटा पुरती थांबू द्यायची असते,’ ते म्हणाले. ‘अर्धी मात्रा आधी धरलंस.’ मग करंजी उचलली. ‘सलाम, शमू.’

म्हणजे त्या कल्लोळातून त्यांनी मला ऐकलं होतं की नुसतंच मास्तरकीच्या सवयीनं बोलून टाकलं, हे मी कधी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी देऊळ उघडलं. तोवर आईचं भाकीत खरं ठरलं होतं. मला कंठ फुटला होता आणि तोंड उघडलं, की फरशीवरून लोखंडी खाट ओढल्यासारखा आवाज यायचा. पडवीत पाटोळेकाकांची नात रिबेका उभी राहिली. दार उघडलं, ती गात आत आली, तिचा आवाज छताला लागून मोठा होऊन परत आला, आणि मला तिचा हेवा वाटला. उघडच सांगतो, फार वाटला. अंधार होता म्हणून बरं.

आता मी एकोणीस वर्षांचा आहे, देवळाच्या गायनवृंदात सगळ्यांत खालच्या सुरात गातो. मास्तर गेल्या पावसाळ्यात, झोपेतच, प्रभूत निजले. त्या साली देऊळ उघडलं असतं, तर त्यांना काही झालंच असतं, असं मी म्हणणार नाही. कदाचित काहीच झालं नसतं. ते कुणाला ठाऊक... माझं त्या पहाटेचं कडवं कुणी मोबाइलवरही टिपलं नाही, कारण सगळ्यांचे हात कागद आणि मेणबत्ती धरण्यात गुंतले होते. माझा तो आवाज आता कुठेच नाही. पण त्यानंतरचे चार नाताळ पेटीवर मास्तर होते, आणि ते चारही मी पहिल्या बाकावर बसून ऐकले.