आयुधपूजेची धास्ती

आयुधपूजेला सगळं म्हैसूर आपापली यंत्रं पुसून त्यांना हळदकुंकू लावतं. आमच्या इस्पितळातल्या मालतीअक्कांना मात्र त्या दिवसाची धास्ती वाटे. इस्पितळातल्या कॉम्प्युटरचं जाळं त्यांच्या ताब्यात. पूजेच्या सकाळी त्या मजल्यामजल्यावर फिरून बजावत, “कुंकू लाव, फूल वाहा, केबलला मात्र हात बेडा, अजिबात नको!”

अक्का इथल्या जुन्या ब्राह्मणवस्तीतल्या, अग्रहारातल्या. घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, पण कन्नडात भिजलेली. पुण्याहून इथल्या लॅबमध्ये कामाला आलेला मी त्यांची फार थट्टा करायचो. “अक्का, बसा की जरा!”

“अय्यो, सुम्ने नुसतं बसून कसं चालेल रे?”

त्यांची भीती खरी निघाली ती एका पूजेलाच. आमच्या लॅबबाहेर भिंतीवर स्विच होता, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात तो डबा. आमचा टापटिपीचा कारकून नागराज तो पुसत होता. त्याच डब्यातून निघालेल्या एका केबलचं दुसरं टोक लोंबकळत होतं. पूजेला हे बरं दिसत नाही म्हणून त्यानं ते त्याच डब्याच्या रिकाम्या पोर्टमध्ये, म्हणजे केबल लावायच्या खाचेत, खोचलं. झालं! एकच निरोप त्या वेटोळ्यात गरगरत राहिला, वाढत गेला, आणि खऱ्या कामाला वाटच उरली नाही. सगळे कॉम्प्युटर थिजले. आतले फोनही त्याच जाळ्यावर, तेही मुके. आणि वर थिएटरात रक्तस्राव होणारी एक बाळंतीण, तिच्या रक्तगटाचा रिपोर्ट माझ्यापाशी अडकलेला.

अक्का धावत आल्या. केबली उपसता उपसता माझ्यावर ओरडल्या, “पाहतोस काय? कागदावर लिही नि पळ!” मी जिने चढत पळालो.

बाळंतीण वाचली. अक्का जिन्यात बसून रडल्या. “वाचली रे, पण तुझ्या पायांनी. माझ्या जाळ्यानं नाही.”

काम थोडं थांबवून स्विच नीट बसवायची परवानगी त्या कधीच्या मागत होत्या, ती आता मिळाली. वेटोळं झालं की स्विचनं आपणहून तेवढ्या एका पोर्टचं दार बंद करायचं, अशी आज्ञा त्यांनी एकेकात भरली. मग प्रत्येक ठिकाणी मुद्दाम तीच चूक स्वतः करून पाहिली. केबल खोचताना डोळे गच्च मिटलेले, ओठांवर विठ्ठलाचं नाव. एकही कॉम्प्युटर अडला नाही, तरी पुढच्या पूजेला त्या फिरतच होत्या.

यंदा उन्हाळ्यात अक्का झोपेतच गेल्या. पूजेच्या सकाळी माझेच पाय मजल्यामजल्यावर फिरू लागले. स्वागतकक्षामागच्या स्विचवर कुणीतरी लोंबतं टोक व्यवस्थित खोचून, वर झेंडू ठेवला होता. धावत लॅबमध्ये आलो. रिपोर्ट सुरळीत जात होते. कुणाला काही कळलंही नव्हतं.

परत जाऊन पाहिलं, तर त्या पोर्टचा दिवा नारिंगी. स्विचनं दार लावून घेतलं होतं. मी केबल काढली आणि भरल्या डोळ्यांनी झेंडू परत जागेवर ठेवला.

“अक्का,” मी म्हणालो, “आता तरी बसा जरा.”