सत्तावन्न इंचांचा हौदा

गाडी घ्यायची ठरली तेव्हा ज्याला विचारलं त्यानं सिंगल केबिन घ्यायला सांगितलं. न्हावऱ्यातले कांद्याचे व्यापारी, माझा मेहुणा, शिरूरच्या शोरूममधला मुलगा, सगळ्यांचं एकमत होतं. पिकअप मालासाठी असते, माणसांसाठी नाही. मी टेप घेऊनच गेलो होतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं. तो कारखाना बंद झाला, पण मोजल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची सवय राहिली. सिंगल केबिनचा माल भरायचा हौदा एकशे आठ इंच लांब भरला, डबल केबिनचा सत्तावन्न. इंजिन तेच, स्प्रिंगचे पाटे तेच, ओझं ओढायची ताकद तीच. सव्वाचार फूट हौदा सोडायचा आणि त्या बदल्यात ड्रायव्हरच्या मागं तीन माणसांची सीट घ्यायची, एवढाच फरक.

"साहेब, सीटवर गोण्या बसत नाहीत," शोरूममधला मुलगा म्हणाला.

"मला माणसंच बसवायचीत," मी म्हणालो आणि डबल केबिन घेतली.

मेहुण्याला ते पटलं नाही. "दाजी, कांदा विकायचाय का वरात काढायचीय?" असं तो पुढं वर्षभर विचारत होता. त्याला मी खरं कारण सांगितलं नाही. माझे वडील दौंडच्या एका दवाखान्यात वारले तेव्हा त्यांना घरी आणायला बाजारातून रिकामी परतणारी एक पिकअप मिळाली होती. सिंगल केबिन. ड्रायव्हरशेजारी दोघांची जागा. तिथं चुलते आणि मी बसलो, कारण रस्ता दाखवायचा होता, फोन करायचे होते. आई मागं हौद्यात वडिलांपाशी बसली, एका सुट्या टायरवर. मे महिना होता, दुपारची वेळ. वाऱ्यानं चादर उडायची म्हणून तिनं दोन्ही हातांनी चादरीचं टोक धरून ठेवलं होतं. घरी उतरल्यावर तिची बोटं लवकर उघडेनात. तिनं पाणी मागितलं. आपली गाडी कधी घेतली तर घरातली बाई हौद्यात बसणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

आई पहिल्यापासून ठेंगणी. गाडीचं मागचं दार तिला उंच पडायचं, आणि दारावरचा दांडा हाताला लागायचा नाही. मी तिला घराच्या चौकटीला पाठ लावून उभी केली आणि मोजलं. चार फूट सात इंच.

"माझं झंपर शिवतोयस का काय?" ती म्हणाली.

"पायरी करायचीय. हलू नको."

"हलत न्हाई. आता वाढतबी न्हाई. घे मोजून."

शिरूरच्या वेल्डरकडून तिच्या गुडघ्याच्या मापानं लोखंडी पायरी करून घेतली आणि वरच्या दांड्याला जाड पट्टा बांधला. ती डाव्या खिडकीशी बसायची. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराला, केंदूरला बहिणीकडं, शिरूरला डोळे तपासायला. काच खाली करून रस्त्याकडेची शेतं बघायची आणि कुणाचा ऊस खुजा राहिलाय ते मला सांगायची. साधारण दीड वर्ष हे असं चाललं.

मग गावाला आमच्या गाडीचा दुसरा उपयोग सापडला. वस्तीवरचे एक म्हातारे शिरूरच्या दवाखान्यात वारले. रुग्णवाहिकेत एकाच नातेवाइकाला घेत होते आणि रडणारी माणसं होती चार. कुणीतरी म्हणालं, डबल केबिनवाल्याला फोन करा. मी गेलो. चौघं सीटवर बसली. हौद्यात मात्र म्हातारे मावेनात. लोकांनी हौद्याचा मागचा फाळका उघडा ठेवून पाय बाहेर काढायची तयारी चालवली. मला ते बघवेना. हौद्याची रुंदी पासष्ट इंच, म्हणजे या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सात फुटांच्या वर जागा आहे, हे मला माहीत होतं.

"तिरकं ठेवा," मी म्हणालो. "फाळका लागंल."

फाळका लागला. त्या दिवसापासून आसपासच्या कुठल्याही वस्तीवरून फोन आला की मी जायचो. आजारी माणसाला मागच्या सीटवर बसवून न्यायचो, आणि नशिबात नसलं तर तिरकं ठेवून आणायचो. भाडं कधी घेतलं नाही. घरी आल्यावर हौदा धुवायचो आणि दुसऱ्या दिवशी त्यातच कांदा भरायचो. लग्नाचं सामान न्यायला मात्र आमची गाडी कुणी मागेना. चहाच्या टपरीवर एकानं मला ऐकवलंच, "तुझी गाडी जाताना पुढं बसवती आन् येताना मागं. लिंबू-मिरची तरी बांध की." आमच्या घरात लिंबू-मिरची बांधत नाहीत. वडिलांनी असली कुठलीच रीत उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. मी हसून चहा प्यायलो. पण ते वाक्य गावभर झालं आणि घरीही पोचलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात आईच्या पायांना सूज येऊ लागली. दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सोय दौंडला होती. पहिल्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून दाराशी लावली, पायरीवरचा चिखल काढला. आई पिशवी घेऊन आली, पायरीपाशी उभी राहिली आणि चढेना.

"मी एस्टीनं जाते," ती म्हणाली.

मला वाटलं, पाय दुखतायत. मी हात पुढं केला.

"पायाचं न्हाई रं. ह्या गाडीत बसून दवाखान्यात मी जायाची न्हाई."

"आई, तूसुद्धा? टपरीवरचं बोलणं मनावर घेतीस?"

"भुताखेताचं मी मानत न्हाई. तुझ्या बापाबरोबर संसार केलाय मी. पण माझ्या डोळ्यानं बघितलंय ना. हितं, ह्याच सीटवर बसून गेली माणसं. मी त्यांना पाण्याची बाटली दिलेली. आन् येताना मागं हौद्यात आली."

मग मी माझ्या पद्धतीनं बोललो. आपण सोळा जणांना दवाखान्यात नेलं, त्यातली अकरा चालत घरी आली, असं तिला सांगितलं. बाकीच्यांना मी फक्त आणायला गेलो होतो, ती या सीटवर बसलीच नव्हती, हेही सांगितलं.

"आन् पाच?" तिनं विचारलं.

मी पायरीवरचा उरलेला चिखल पुसू लागलो.

"त्या पाचांनाबी तू हेच सांगितलं असशील." ती वळली. चार पावलं गेल्यावर म्हणाली, "मला तिरकं ठेवायचं न्हाई. सांगून ठेवते."

माझी बायको तिला घेऊन एस्टीनं गेली. चौफुल्याला उतरून दुसरी गाडी धरायची, तिथं जागा मिळेलच असं नाही. मी आमची पिकअप घेऊन एस्टीच्या मागं मागं गेलो. येताना आई गळून गेलेली असायची, तेव्हा तरी ऐकेल असं वाटायचं. ती ऐकायची नाही. दौंडच्या स्टँडवर बायकोच्या खांद्याला टेकून उभी राहायची, आणि मी पलीकडं पाच सीटांची गाडी सुरू ठेवून बसलेलो असायचो. पुढं जीप नाहीतर एस्टी, मागं मी. गावातली पोरं हसायची. आठवड्यातून दोनदा हे व्हायचं.

मग ती खाडे करू लागली. कधी एस्टी आली नाही, कधी उभं राहवत नाही, कधी नुसतंच "आज नगं". भाड्याची चारचाकी ठरवली तर म्हणाली, दारात गाडी असताना दुसऱ्याची कशाला, लोक काय म्हणतील. असं असेल तर आपल्या गाडीत बस, म्हटलं तर तोंड फिरवायची. डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की असे खाडे झाले तर त्या फार दिवस काढणार नाहीत. बायको घरी येऊन मला म्हणाली, "आत्या गाडीला भीत न्हाईत. गाडीचं काम बदला, बसतील."

मला ते पटलं. यापुढं आपल्या गाडीत मयत न्यायची नाही, असं मी ठरवलं. दोन-तीन महिने हौद्यात फक्त कांदा दिसला तर आईचं मन वळेल, असा माझा हिशोब होता. आमच्या शेजारी आप्पा राहतात. त्यांची बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, आईची जन्माची मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन वस्तीवर आलेल्या. आक्का छातीच्या दुखण्यानं दौंडला दाखल होत्या. एका सकाळी आप्पा अंगणात आले. पायात चप्पल नव्हती.

"आक्का गेली," ते म्हणाले. "गाडी काढ, पोरा."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि म्हणालो, "आप्पा, मी रुग्णवाहिका बोलावतो. पैसे मी देतो. पण माझी गाडी आता त्या कामाला न्हाई. आईसाठी बंद केलंय."

आप्पांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. "बरं," म्हणाले. खुर्चीवर बसले नाहीत. जायला वळले, तेवढ्यात आई दारात आली. तिच्या पायांवरची सूज त्या दिवशी साडीच्या काठाखालूनही दिसत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कुणासाठी बंद केलंस?"

"तुझ्यासाठी."

"मी सांगितलं व्हतं? मेलेल्या माणसाला न्हाई म्हनतोस, आन् माझं नाव पुढं करतोस? लाज वाटंना का? उद्या आप्पानं माझ्या दारात यायचं कसं?"

"तू गाडीत बसत न्हाईस म्हणून."

"बसते. काढ गाडी. आप्पा, चला. ती तिकडं एकटी पडलीया."

तिनं पट्टा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि मी हात द्यायच्या आत चढली. डाव्या खिडकीशी बसली. शेजारी आप्पा, त्यांचा मुलगा, पुढं सून. न्हावरा फाट्याजवळ आईनं सवयीनं काच खाली केली, शेतांकडं बघितलं आणि पुन्हा वर केली.

आक्का उंच होत्या. तिरकं ठेवावं लागलं. परत येताना मी आरशात बघत होतो. आई वाकडी होऊन बसली होती आणि केबिनच्या मागच्या काचेतून हौद्यात बघत होती. एका हाताचा तळवा तिनं काचेला लावून ठेवला होता. वस्ती येईपर्यंत तिनं तो काढला नाही.

त्यानंतर ती डायलिसिसला आमच्याच गाडीतून येऊ लागली. खाडा एकही झाला नाही. पण मधले खाडे भरून निघाले नाहीत. थंडीभर आम्ही दौंडला जात राहिलो. उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी अडकली की ती म्हणायची, "घाई करू नगंस. मशीन काय पळून जातंय?" हळूहळू ती कुणाचा ऊस कसा आहे ते सांगायची बंद झाली. पुढं पुढं पायरी असूनही तिला उचलूनच बसवावं लागे. कांद्याची एक गोणी खांद्यावर घेणारा मी, तिला उचलताना मला काहीच ओझं वाटायचं नाही. तेच मला सहन व्हायचं नाही.

होळीच्या आधी एका दुपारी मशीनवर असतानाच ती गेली. दवाखान्यातल्या माणसानं रुग्णवाहिका हवी का विचारलं. बायको म्हणाली, "गाडी हाय आमची."

मेहुणा आला होता. त्यानं किल्ली माझ्या हातातून घेतली. आप्पाही आले होते. गाडीत गादी कशी टाकतात ते आता सगळ्यांना माहीत झालं होतं. आप्पांनी आणि मेहुण्यानं ती हौद्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी टाकली. मी वर चढलो आणि गादी ओढून सरळ केली.

"पाय अडत्याल रं," आप्पा म्हणाले.

"न्हाई अडत, आप्पा."

"अरे, आमच्या हिचे..."

"आईचे न्हाई अडत."

तिला ठेवलं. पांढरं कापड नीट केलं. मेहुण्यानं फाळका उचलून हळूच लावून बघितला. तो लागला. तिच्या पावलांपासून फाळक्यापर्यंत दोन इंच जागा उरली. टेप लावायची गरज नव्हती.

बायको आणि आप्पा मागच्या सीटवर बसले. डाव्या खिडकीची जागा त्यांनी सोडली, आणि मेहुणा मला म्हणाला, "दाजी, तिथं बसा." मी बसलो नाही. हौद्यात चाकावरच्या उंचवट्याला टेकून बसलो. गाडी दौंडमधून बाहेर पडली तसा वारा वाढला. मी कापडाचं टोक दोन्ही हातांनी धरलं.