गवतात निजणारा पाहुणा

अकोल्याजवळच्या आमच्या माळावर एक चक्कर मारली, की सॉक्समध्ये कुसळं घेऊनच घरी यावं लागतं. तिथल्या किश्शांचंही तसंच. वेचून टाकले तरी दोन-चार टोचत राहतात!

*

पक्षी बघणारे आम्ही तिघं: मी, रिटायर झालेले देशमुख सर आणि गादीवाले इरफानभाई. इरफानभाईंचा लाडका धाविक. तो गुरांनी चरून बोडक्या केलेल्या जमिनीवर पळतो. सरांचा जीव हॅरियरवर. हा शिकारी पक्षी हिवाळ्यात परदेशातून येतो आणि उंच गवतात, जमिनीवर झोपतो. त्यामुळे माळावर गाय दिसली की इरफानभाई खूश, सर लाल!

"भाई, तुम्हाला सगळा माळ टकला हवाय!"

"क्या करें सर, आपको देख-देख के आदत हो गयी!"

*

गुराखी नामदेवभाऊंना सरांनी एकदा हॅरियरचा सगळा प्रवास रंगवून सांगितला. डोंगर, वाळवंट, सगळं. भाऊ हळहळले.

"इतक्या दुरून येते, अन् जमिनीवर निजते? कोनी घरात घेत नाही काय त्याले?"

*

नवं गवत फुटावं म्हणून माळाचा एखादा तुकडा दर हिवाळ्यात कोणीतरी पेटवतंच. मागच्या वर्षी आग लागली तेव्हा एक फोटोग्राफर सोबत होता. जीव घेऊन उडणाऱ्या टोळांवर नीलपंख आणि कोतवाल तुटून पडले. गड्याने कार्ड भरेस्तोवर फोटो काढले. निघताना म्हणतो, "सर, पुढची आग कधी आहे?"

मला त्याचा कॅमेरा फोडावासा वाटला.

*

यंदा उंच गवताचा एकच पट्टा उरला होता. तिथे गुरं घालणार नाही, असा शब्द नामदेवभाऊंनी दिला. बाहेरची आग आत शिरू नये म्हणून वनरक्षकाने सकाळीच जाळरेषा घेतली, म्हणजे कडेचं गवत मुद्दाम जाळायला घेतलं. अर्धी रेषा झाली आणि वारा फिरला. आम्ही लिंबाच्या फांद्यांनी झोडपत राहिलो. जेवणाच्या वेळेपर्यंत अख्खा पट्टा काळा!

वनरक्षक मटकन खाली बसला. "वाचवालेच गेलो होतो हो, सर."

संध्याकाळी हॅरियर आले. खाली यायचे, राखेला पाय लागायच्या आत पुन्हा वर. सर रडत होते आणि ते लपवतही नव्हते.

तेवढ्यात नामदेवभाऊ बैलगाडी घेऊन आले. गुरांसाठी कापून ठेवलेली गवताची सगळी गंजी गाडीत. एकेक पेंढी सोडून ते निवलेल्या राखेवर पसरू लागले.

"भाऊ, ढोरं काय खातील?" इरफानभाईंनी विचारलं.

"ढोराईचं उद्या पाहू. यायले आजच निजाचं हाये!"