अर्जात चूक लिहू नका

निवृत्तीनंतर मी योगासनांच्या वर्गाला गेले आणि पंधरा दिवसांत गुडघा धरून फुलपाड्याच्या फ्लॅटवर परत आले. माझ्याबरोबर शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी मात्र तेवढ्या काळात भुईगावच्या घरी बसून कॉम्प्युटरला आपल्या आईची बोली शिकवायला घेतली होती.

आई नव्वदीची. घरच्या बोलीशिवाय दुसरं बोलायची नाही. माझं मराठी तिला आकाशवाणीच्या बातम्यांसारखं वाटायचं. कानावर पडलं, पुढे गेलं. बाईंनी इंटरनेटवरून कृत्रिम बुद्धिमत्तेचं एक मॉडेल फुकट उतरवून घेतलं. अशी मॉडेल्स खुली असतात, कुणीही घ्यावीत, हवी तशी बदलावीत. त्याला त्यांनी आईच्या गप्पा, लग्नातली गाणी, शेजारणींची भांडणं असं सगळं खाऊ घातलं. वर्षभरात ते कुठलाही छापील कागद आईच्या बोलीत वाचून दाखवू लागलं. बाईंनी ते पुन्हा सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. गावातल्या चारपाच घरांनी ते घेतलंही.

मग एके दिवशी त्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीतली ‘अर्धी गोळी’ ‘दीड’ म्हणून वाचली. आईने दीड गोळी घेतली आणि वाडीत केळीखाली चक्कर येऊन बसली. दुपारपर्यंत ती सावरली. बाई मात्र आठवडाभर सावरल्या नाहीत.

त्याच सुमारास बातमी आली, की असल्या खुल्या मॉडेल्सवर सरकार नियम आणणार. जो मॉडेल बदलून इतरांना देईल, तो जबाबदार. मी घाबरले. बाई खूश झाल्या. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी जाणकार तपासेल तरी. मला एकटीला किती दिसणार? चला बाई, जाऊन विचारू.”

एका सरकारी कार्यालयात आम्ही लॅपटॉप घेऊन गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “मॉडेल कुठाय?”

“यात,” बाईंनी लॅपटॉप दाखवला.

“उंची?”

त्यांच्याकडे मॉडेलच्या परवानगीचा जो एकच अर्ज होता, तो उत्सवातल्या देखाव्यांचा होता. त्यात उंची, रुंदी आणि आग विझवायची सोय विचारली होती. बाईंनी उंचीच्या रकान्यात लॅपटॉपची उंची लिहिली. गणिताच्या बाई, रकाना रिकामा सोडणं त्यांना जमत नाही.

कारकुनाने आम्हाला आत साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी नियमांचा मसुदा वाचला होता, निदान तो टेबलावर होता.

“खुलं म्हणजे? कुलूप नाही?”

“नाही. कुणीही वापरू शकतं.”

“मग आधी बंद करा. खुलं ठेवायची परवानगी नंतर मागा.”

पुढे त्यांनी एक हमीपत्र सरकवलं. हे मॉडेल कधीही चुकीचं उत्तर देणार नाही, असं लिहून द्यायचं होतं.

“साहेब, अशी हमी मी चाळीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याची दिली नाही,” बाई म्हणाल्या. “आणि हे चुकलेलं आहे. तेच सांगायला आलेय.” त्यांनी गोळीची सगळी हकिगत सांगितली. मला वाटलं, आता साहेब विचारतील, आई कशी आहे? किंवा, अशी चूक आणखी कुठे होते?

साहेब पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, “हे अर्जात लिहू नका हां. उगाच अडकेल.”

ते हे मनापासून सांगत होते. हा माणूस आमचं भलंच पाहत होता, याचा मला अजून राग येतो.

शेजारच्या स्क्रीनवर त्यांचं एक पत्र आपोआप तयार होत होतं. लिहिणारं यंत्र परदेशी कंपनीचं होतं. मी विचारलं, “याचं हमीपत्र कुणी दिलं?”

“मॅडम, ती मोठी कंपनी आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या मते विषय संपला.

बाईंनी हमीपत्रावर सही केली नाही; अर्ज तसाच दिला आणि परवानगी येईपर्यंत मॉडेल इंटरनेटवरून काढून ठेवलं. घरी येऊन त्यांनी दोन महिने खपून आकड्यांच्या चुका शोधल्या. अर्धा, पाव आणि दीड यांत ते सतत गडबडत होतं. शेवटी त्यांनी औषधाचा कागद दिसला की ते गप्प बसेल अशी सोय केली, आणि पहिल्या पानावर ठळक लिहिलं, ‘गोळ्या माणसाला विचारून घ्या.’ मसुद्यावर हरकती मागवल्या होत्या, तिथे आम्ही चार पानं पाठवली: चूक सांगणाऱ्याला शिक्षा होणार असेल, तर चूक कोण सांगेल? पोच आली. पोचेत आमच्या ‘शुभेच्छांबद्दल’ आभार मानले होते.

महिन्याभराने बाईंचा फोन वाजला तेव्हा मी तिथेच होते. पलीकडे खिडकीतला तो कारकून. तो कोळीवाड्यातला निघाला.

“बाई, परवानगी काय अजून आली नाय ना?”

“नाही.”

“मग पेनड्राइव्हवर मिळंल का? आजीचं बोलनं घालायचंय त्यात. साहेबांना नका सांगू.”

रविवारी तो भुईगावला आला. बाईंनी त्याला ओट्यावर बसवलं, पहिल्या पानावरचं वाक्य मोठ्याने वाचायला लावलं, पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि अर्ध्याचं निम्मं किती ते विचारलं. तो उत्तर देईपर्यंत पेनड्राइव्ह त्यांनी मुठीतच धरून ठेवला होता.