आधी दात, मग गेट

लहान पोरांना कारखान्यात लावू नका म्हणून सरकारनं कितीही कायदे केले असोत, सिल्वासात तो कायदा खरा पाळला एकट्या आमच्या गेटवरच्या म्हाताऱ्यानं. आमची सुताची फॅक्टरी, हा तिथला पंच्याहत्तरीचा वॉचमन. स्वतःच्या तोंडात एक दात नाही, पण दुनियेचे दात बघायचा. कोवळं पोर कामाला आलं की आधी "आ कर". बारा-तेराव्या वर्षी येणारी मागची दाढ फुटलेली नसली की पोर माघारी. खोड इतकी, की जवळच्या अथाल गावातल्या एका लग्नात त्यानं नवरदेवालाही तोंड उघडायला लावलं, आणि चालेल म्हणून मगच अक्षता टाकल्या.

ही विद्या मुंबईच्या गिरणीतली. साहेबाच्या राज्यात तिथं पोरांना अर्धा दिवस लावत, आणि डॉक्टर दात बघून वयाचा दाखला देई. म्हातारा तेव्हा नऊ वर्षांचा. सकाळी एका गिरणीत स्वतःच्या नावानं, दुपारी दुसरीत मेलेल्या भावाच्या नावानं. इन्स्पेक्टर आला की मुकादम त्याला कापसाच्या ढिगात दडपायचा. आमच्याकडेही सरकारी जीप दिसली की ठेकेदार, म्हातारा गेटवर नसताना आत घेतलेल्या पोरांना मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंडायचा, आणि इन्स्पेक्टर ऑफिसात चहा पिऊन, कागद बघून जायचा. एकदा म्हाताऱ्यानं त्याला हाताला धरून थेट शेडपाशी नेलं. ठेकेदार आठवडाभर शिव्या देत होता. म्हातारा ऐकायचा आणि तंबाखू मळायचा.

त्याच साली माझी बायको खोकल्यानं खाटेला लागली. मशीनवर तिच्या जागी पोरगी उभी करू म्हणून मी चौदा वर्षांचा दाखला आणला. खोटाच होता. म्हाताऱ्यानं तो वाचलासुद्धा नाही. पोरीचं तोंड बघितलं.

"कागद चौदाचा, तोंड अकराचं. घेऊन जा हिला."

मी चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. तुझ्या बापानं तुला दोन गिरण्यांत घातलं तेव्हा कुठं होता कायदा, असंही. तो शांतपणे म्हणाला, "आई गेली तेव्हा मी भावाच्या नावानं कामावर होतो. घरचा माणूस मला विचारत आला. या नावाचा इथं कोणी नाही, म्हणून गेटवरच्यानं त्याला परत पाठवलं."

घरी आलो तर बायको म्हणाली, "अहो, राहू द्या तिला माझ्याजवळ." पोरगी सकाळी शाळेत जायची, दुपारी आईपाशी बसायची. मी म्हाताऱ्याशी बोलणं टाकलं.

पुढं एका दुपारी गेटवर माझ्या घरचा निरोप आला, तसा म्हातारा गेट सोडून आत आला आणि माझं मशीन त्यानंच बंद केलं. धावत घरी पोचलो, तोवर बायको गेली होती. पोरगी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. शेवटचं पाणी तिनंच पाजलं होतं.

म्हाताऱ्याशी मी चार शब्द धड बोलायला हवे होते. उद्या बोलू, उद्या बोलू केलं, आणि तोही गेला.