उटी

“उटी लावली नसणार,” विमानतळावर माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या आजी काचेबाहेर बघत म्हणाल्या.

बाहेर आमचं रिकामं विमान ब्रेक निकामी होऊन आपोआप मागे सरकत होतं. एवढं मोठं धूड, पण कसलीही घाई नसल्यासारखं. दोन माणसं धावत आली, त्यांनी चाकांखाली काहीतरी सरकवलं आणि ते थांबलं.

इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला उटी ठाऊक नव्हती. मी विचारलं.

“अगं, चाकाखाली ठेवायचा दगड, नाहीतर लाकडाचा ठोकळा. आमच्या ह्यांचा ट्रक होता. घाटात थांबलं की आधी उटी, मग चहा.”

मला हसू आलं आणि लगेच गेलं. जाणारं माणूसही त्या विमानासारखंच जात असावं, जोर न लावता, नुसत्या उताराने. मी दोन वर्षांसाठी परदेशी निघाले होते. बाबा गेल्यापासून घरात आई एकटीच. सकाळी तिने लोणच्याच्या बरणीचं झाकण तीनदा तपासलं. ती काही बोलेल म्हणून मी बुटांच्या नाड्या बांधायला उगाच वेळ लावला. ती एवढंच म्हणाली, “उशीर होईल.”

“घरची आठवण येतेय का गं?” आजींनी विचारलं.

एरवी मी मान हलवून गप्प बसले असते.

“आई ‘राहा’ म्हणाली असती,” मी म्हणाले, “तर मी राहिले असते.”